थंडी, ट्राउट आणि घरची माणसं : वाचकांचे प्रश्न

यंदा थंडीत फ्लायनं ट्राउट (थंड पाण्यात राहणारा मासा) धरायला, तेही सहकुटुंब, निघालेल्या वाचकांची पत्रं सोलापूर जिल्ह्यातून बरीच आली. सारख्या प्रश्नांची मोट बांधून इथे उत्तरं देत आहोत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की फ्लाय म्हणजे पिसं, दोरा, लोकर गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ. तो इतका हलका असतो की एरवीसारखा भिरकावता येत नाही. म्हणून दोरीलाच वजन असतं आणि फेकायची ती दोरी. फ्लाय तिच्यामागून जातो.

प्रश्न : आम्ही दोघं जुळे सोलापूरला राहतो. नाताळच्या सुट्टीत हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात पाच दिवस जायचं ठरतंय. बरोबर सासूबाई (वय ६८) आणि ८ व १२ वर्षांची मुलं आहेत. होमस्टेवाले म्हणतात, ‘या, मासे भरपूर आहेत.’ तयारी काय करावी?

उत्तर : पहिली तयारी म्हणजे तारीख बदला. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते. होमस्टेवाले खोटं बोलत नाहीत, मासे आहेतच. पण त्या दिवसांत ते धरायला मनाई आहे. ‘आतल्या बाजूला कोणी बघत नाही’ असं कोणी म्हणालं, तर दुसरा होमस्टे बघा.

बंदी नुसती कागदोपत्री नाही, तिला कारण आहे. तीर्थनमधला ब्राउन ट्राउट थंडी सुरू झाली की अंडी घालतो. मादी शेपटीनं वाळू-गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. अंडी फुटायला लागणारा वेळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. पाणी १० अंश असेल तर साधारण दीड महिना, ५ अंशांवर जवळजवळ तीन महिने. तेवढे दिवस त्या गोट्यांवर माणसाचा बूट पडला की खालची अंडी चिरडली. उथळ, वाहत्या पाण्यात आजूबाजूच्या काळपट शेवाळी दगडांपेक्षा स्वच्छ, उजळ दिसणारा गोट्यांचा पट्टा म्हणजे हा खळगा. मार्चमध्ये गेलात तरी असे पट्टे ओलांडू नका, वळसा घाला. पिल्लं अंड्यातून निघाल्यावरही काही आठवडे गोट्यांच्या फटींतच राहतात.

तुमच्यासाठी मार्चचा पहिला पंधरवडा चांगला. हवा अजून थंडीचीच असते, सकाळी पाणी हाताला झोंबतं, आणि वरचं बर्फ जोरानं वितळायला लागलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये ते वितळलं की नदी फुगते, गढूळ होते, आणि मुलांना घेऊन काठावर जायची सोय राहत नाही. शाळेचे चार दिवस बुडतील. बारा वर्षांच्या मुलाचं त्यानं फार बिघडत नाही. दहावी असती तर आम्ही हे सुचवलं नसतं. नाताळातच जाणं भाग असेल तर रॉड घरी ठेवा. कुलू खोऱ्यात पतलीकुहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. तिथे वाहत्या पाण्याच्या सिमेंटच्या लांबट टाक्यांत मासे बघायला मुलांना मजा येते.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा, रॉडमागे आणि दिवसागणिक असतो. मुलगा हातात रॉड धरणार असेल तर त्याच्याबद्दलही परवाना काढतानाच विचारून घ्या. किती मासे ठेवता येतात, केवढ्या लांबीखालचा सोडावा लागतो हे नियम तिथेच मिळतात. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि परवाना प्लास्टिकच्या पिशवीत खिशात.

जायला सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तिथून रात्रीची कुलू-मनालीची बस औटला सोडते आणि औटहून लारजी, बंजारमार्गे गुशैणीपर्यंत जीप. सासूबाईंसाठी दिल्लीत एक मुक्काम कराच. रात्र गाडीत आणि लगेच दुसरी रात्र घाटातल्या बसमध्ये, हे तरण्या माणसालाही जड जातं. गुशैणी सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण हौसेनं जालोरी खिंडीत (३,१२० मीटर) जायचं ठरवलंत तर गोष्ट वेगळी, आणि मार्चच्या सुरुवातीला तिथे बर्फामुळे रस्ता बंदही असू शकतो.

आता नदीवरचा दिवस. थंडीत ट्राउटचं रक्त पाण्याइतकंच गार असतं, त्यामुळे तो सकाळी हलत नाही. १० ते १६ अंशांत तो चांगला खातो, ४-५ अंशांखाली जेमतेम. म्हणून पहाटे उठून नदी गाठण्यात काही अर्थ नाही. सकाळी ११ ते दुपारी ३ हीच खरी वेळ, आणि सहकुटुंब जाणाऱ्याला हे सोयीचंच आहे. सगळ्यांचा नाश्ता, आंघोळी, सासूबाईंची पूजा आटोपून निघता येतं. खोरं अरुंद आहे, ऊन तळाशी उशिरा पोचतं आणि लवकर जातं. आदल्या दिवशी कोणत्या काठावर ऊन जास्त वेळ टिकतं ते पाहून ठेवा आणि बसायची जागा तिथेच करा. पाठ टेकायची घडीची खुर्ची, खाली घोंगडी, थर्मासमध्ये चहा. काठावरचे गोल दगड ओले असले की साबणासारखे निसरडे असतात, त्यामुळे सासूबाईंना पाण्याजवळ नेण्याचा आग्रह नको.

तुम्हा दोघांत एका वेळी एकच रॉड पाण्यात असू द्या. एकानं पाऊण तास टाकायचं, दुसऱ्यानं मुलं सांभाळायची, मग अदलाबदल. दोघंही पाण्यात उभे आणि मुलं काठावर मोकळी, असं तीर्थनसारख्या ओढीच्या नदीवर एकदाही करू नये. टाकणाऱ्याच्या मागे १५ मीटर मोकळे हवेत, कारण मागच्या फेकीत दोरी पुढच्याइतकीच मागे जाते आणि तिच्या टोकाला गळ असतो. उजव्या हातानं टाकणाऱ्याच्या उजव्या बाजूला कोणी उभं राहू नये. वारा उजवीकडून असेल तर तो फ्लाय टाकणाऱ्याच्याच कानशिलावर आणून आपटतो. अशा वेळी काठ बदला. काठावरच्या प्रत्येकाला टोपी आणि चष्मा हवा, साधा असला तरी चालेल.

शेवटचं, पण हयगय न करण्याजोगं. रात्री खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. विजेचा हीटर घ्या, नाहीतर जादा रजया मागून घ्या.

प्रश्न : मुलगा-सून अमेरिकेत डेन्व्हरला असतात. डिसेंबरात आम्ही दोघं महिनाभर जाणार आहोत. मुलगा म्हणतो, तिकडे धरणाखालच्या नदीत बर्फ पडत असतानाही ट्राउट मिळतात, सगळेच जाऊ. माझं वय ६३, मधुमेह आहे. गोठलेल्या नदीत मासा कसा लागणार? – निवृत्त वाचक, होटगी रस्ता

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. पाणी ४ अंशांला सर्वांत जड असतं, म्हणून खोल जलाशयाच्या तळाशी हिवाळ्यातही साधारण तेवढंच तापमान राहतं. धरणातून तळाचं पाणी सोडतात, त्यामुळे खालची काही किलोमीटर नदी गोठत नाही आणि मासा थोडाथोडा खात राहतो. डेन्व्हरहून जाण्याजोगी अशी नदी म्हणजे चीझमन धरणाखालची साउथ प्लॅट. डेकर्स गाव तिच्याच काठी. चीझमनच्या घळीत फक्त कृत्रिम फ्लाय आणि ल्युअर (नकली आमिषं) चालतात आणि ट्राउट सोडून द्यावे लागतात. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला कोलोरॅडो राज्याचा परवाना लागतो; नातवंडं त्याहून लहान असतील तर त्यांना नाही.

इतक्या गार पाण्यात मासा अन्नामागे धावत नाही. खर्च जास्त आणि मिळकत कमी, हा हिशेब त्याला पक्का कळतो. तो खोल, संथ डोहात तळाशी बसतो आणि तोंडासमोर आलेलंच उचलतो. त्यामुळे पाण्यावर तरंगणारा ड्राय फ्लाय बहुतेक वेळ पेटीतच राहणार. काम तळाशी जाणाऱ्या निम्फचं, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारख्या फ्लायचं आहे. जुळणी अशी : ९ फुटी ५एक्स लीडर (दोरीच्या टोकाचा निमुळता दोरा; एक्सचा आकडा वाढेल तसा दोरा बारीक), त्याला ४५ सेंटिमीटर ६एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा), टोकाला १८ नंबरचा फेझंट टेल नावाचा निम्फ. त्याच्या गळाच्या वाकाला आणखी ४० सेंटिमीटर टिपेट बांधून खाली २२ नंबरचा काळा किंवा लाल मिज (चिलटासारखा बारीक फ्लाय). नंबर वाढेल तसा गळ बारीक होतो. २२ नंबरचा गळ तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असतो, वाचायचा चष्मा विसरू नका. वरच्या फ्लायच्या १५-२० सेंटिमीटर वर एक बारीक शिसाचा किंवा शिसं नसलेला मणी चिमटून लावायचा. इंडिकेटर, म्हणजे दंश कळावा म्हणून लावायचा तरंगणारा गोळा, फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर.

नवशिक्यांचं इथेच चुकतं. दहा मिनिटं काही लागलं नाही की ते फ्लाय बदलतात. फ्लाय बदलण्याआधी वजन बदला. चार-पाच वेळा वाहू देऊन एकदाही तळाला टकटक लागली नाही, तर फ्लाय माशाच्या डोक्यावरून जातोय. आणखी एक मणी लावा. दर वेळी अडकत असेल तर काढा. इंडिकेटर भोवतालच्या फेसाच्याच वेगानं वाहिला पाहिजे. तो पुढे पळत असेल तर मधल्या जोरदार प्रवाहानं दोरी ओढली आहे. मग रॉडच्या टोकानं दोरी उचलून वरच्या अंगाला ठेवा. याला मेंडिंग म्हणतात. थंडीतला दंश झटका नसतो, इंडिकेटर फक्त क्षणभर अडखळतो. अडखळला की रॉड प्रवाहाच्या खालच्या दिशेला हलकेच उचला. जोरानं उपसलंत तर ६एक्स तुटणारच.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं. ते आपटून किंवा नखानं ओरबाडून काढू नका, कार्बनचं टोक मोडतं. बोटांच्या चिमटीत धरून विरघळवा. कड्यांना आधी ओठांचं मलम लावलं तर बर्फ उशिरा धरतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे ठरावीक ८ मीटर दोरी बाहेर काढून तेवढ्यावरच टाकत राहायचं, ओली दोरी कड्यांतून सारखी आतबाहेर करायची नाही. रील पाण्यात बुडवू नका. आत पाणी गेलं की ब्रेक गोठतो आणि मासा लागल्यावर दोरी सुटत नाही. काठाला चिकटून पाण्यावर आलेल्या बर्फाच्या कडेवर कोणीही उभं राहायचं नाही, खाली आधार नसतो. सकाळी नदीतून बर्फाचा चुरा वाहत येतो, तो ओसरेपर्यंत गाडीत बसा.

तुमचा मधुमेह इथे महत्त्वाचा आहे. पायांची संवेदना कमी असेल तर बोटं गारठून पांढरी पडली तरी कळत नाही. तासाभरानं गाडीत येऊन मोजे काढून बोटं डोळ्यांनी बघायची, हा नियमच करा. गरम पाकिटं मिळतात, ती मोज्यात थेट कातडीला लावू नका. भाजलेलंही कळत नाही. पाण्यात उतरण्यापेक्षा काठावरूनच टाका. डेकर्सला डोह काठाच्या हातात आहेत. पहिल्या दिवशी गाइड घेणं परवडतं असं आमचं मत. रॉड, वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार), फ्लाय सगळं तोच आणतो. त्याला टीप द्यायची तिकडे रीत आहे, ती खर्चात धरा.

प्रश्न : दोघांत मिळून एकच संच घ्यायचा आहे. काय घ्यावं? – बार्शी

उत्तर : ९ फुटी, ५ वजनाचा (म्हणजे ५ नंबर वजनाच्या दोरीसाठीचा), चार तुकड्यांचा रॉड. चार तुकड्यांची नळी पाऊण मीटरच्या आसपास असते, रेल्वेच्या बर्थखाली मावते. विमानानं जाणार असाल तर गळ, पक्कड, कात्री चेक-इन सामानात.

दोरी डब्ल्यूएफ५एफ, म्हणजे पुढून जाड, ५ वजनाची, तरंगणारी. पैसे दोरीवर घाला, रीलवर वाचवा. ट्राउटसाठी रील ही दोरी ठेवायची डबी. बरी असली की पुरे. उलट स्वस्त दोरीला वळ्या पडतात, ती कड्यांतून सरकत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. दोरीमागे ५० मीटर बॅकिंग (मासा लांब पळाला तर पुरवायचा जादा दोरा). लीडर ९ फुटी ४एक्सचे तीन, टिपेट ४एक्स आणि ५एक्सची एकेक रीळ. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी मिळते : ४एक्स म्हणजे ७ हजारांश, साधारण ०.१८ मिलिमीटर, ५एक्स ०.१५.

हिमाचलसाठी फ्लाय : मणी लावलेले फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबर, प्रत्येकी चार. ऊन तापल्यावर किडे उडताना दिसले तर अ‍ॅडम्स किंवा एल्क हेअर कॅडिस १४ नंबर, प्रत्येकी दोन. काळा वूली बगर १० नंबर, दोन. एवढ्यात भागतं. दुकानदार पन्नास फ्लायची पेटी गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका.

गाठी दोनच शिका. फ्लायला क्लिंच गाठ, पाच वेढे; टिपेट जोडायला सर्जन्स गाठ. दोन्ही आवळण्याआधी थुंकीनं ओल्या करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि तिथेच दोरा कमजोर होतो. मासे तुटून जाण्याचं एक मोठं कारण हेच.

प्रश्न : सोलापुरात सराव कुठे करायचा? उजनीवर फ्लाय चालतो का? – टेंभुर्णी

उत्तर : सरावाला पाणी लागतच नाही, गवताचं मैदान लागतं. डांबरी रस्ता किंवा सिमेंटवर नको, दोरीचं आवरण खरवडून निघतं. टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा. सकाळी वारा सुटायच्या आत वीस मिनिटं रोज, रविवारी तीन तास घालवण्यापेक्षा बरी. रॉड घड्याळाच्या काट्यासारखा धरा : मागे १ वाजेपर्यंत, पुढे १० पर्यंत, आणि मागे नेल्यावर थांबा. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मान वळवून बघा, बिघडत नाही. चाबकासारखा फट्ट आवाज आला तर तुम्ही घाई केलीत. खऱ्या नदीवर त्या आवाजासरशी फ्लाय तुटून गेलेला असतो. ९-१० मीटरवर घमेलं ठेवा, दहापैकी सहा वेळा लोकर त्यात पडली की तीर्थनला पुरेल. लांब फेकायच्या नादी लागू नका, डोंगरी नदीत मासा पायाजवळच असतो.

हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या शेतावर जाणं होतंच, तेव्हा रॉड बरोबर न्यायला हरकत नाही. पण वर बघा. मोटारीला जाणाऱ्या विजेच्या तारा शेतात खाली लोंबलेल्या असतात आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. ९ फुटी रॉड उभा धरला की टोक जमिनीपासून चार-साडेचार मीटरवर जातं. तारेखाली रॉड जोडायचासुद्धा नाही. उजनीच्या फुगवट्यालाही पंपांच्या तारा काठोकाठ आहेत.

उजनीत फ्लायला चिलापी लागते. हिवाळ्यात सकाळी दहानंतर ऊन लागलेल्या उथळ कडेला १२ नंबरचा हेअर्स इअर टाकून अगदी हळू, हाताच्या चिमटीनं ओढत आणा. चिलापी गार पाण्यात मंदावते, म्हणून भल्या सकाळी जाऊन उपयोग नाही. मरळ मिळू शकते, पण तिचे दात धारदार. ५एक्सचा निभाव लागत नाही, जाड टिपेट हवा. जाण्याआधी त्या पट्ट्यातल्या मच्छीमार सोसायटीला किंवा ठेकेदाराला विचारा. जाळी लावलेली असतात, त्यांत तुमचा गळ अडकला तर नुकसान त्यांचं. आणि उजनीच्या गाळात पाय घालू नका. वरून कोरडा दिसणारा काठ मांडीपर्यंत आत घेतो.

प्रश्न : नवऱ्यासाठी वेडर घेतलाय, तीन हजार वाचवायला माझ्यासाठी नाही घेतला. मी जीन्सवर पाण्यात उतरले तर? रात्री आपली सोलापुरी चादर पुरेल का? – वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : जीन्सवर उतरू नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. ५-६ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटांत पाय बधिर होतात आणि बधिर पाय निसरड्या दगडावर टिकत नाहीत. वेडर भाड्यानं मिळतो का विचारा, नाहीतर काठावरून टाका. काठावरूनही मासे लागतात, हे नवऱ्यालाही सांगा.

वेडर घातलाच तर कमरेला पट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात पाऊल नको. पडल्यावर आत पाणी भरणं तोच रोखतो. आत अंगालगत लोकरीची किंवा पॉलिस्टरची थर्मल, वर फ्लीस. मोजे लोकरीचे, एक पातळ एक जाड, आणि बूट एक नंबर मोठा. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. हातात बांबूची काठी, दोरीनं कमरेला बांधलेली. पाणी गुडघ्याच्या वर नको.

सोलापुरी चादर सुती. कोरड्या खोलीत अंगावर घ्यायला तिच्यासारखं काही नाही, पण नदीकाठी ती ओली झाली की ओझं. काठावर घोंगडीच न्या. सांगोला-मंगळवेढ्याकडची दख्खनी मेंढीची लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, आणि ती दगडांवर अंथरायला, पाण्यातून आलेल्याला गुंडाळायला, दोन्हीला चालते. टोचते, त्याला इलाज नाही.

कोणी पाण्यात पडलंच तर लक्षणं ओळखा. कुडकुडणं, मग बोबडी वळणं, पाय अडखळणं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गप्प झाला तर ते सुधारणं नव्हे, ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे उतरवा, कोरडं गुंडाळा, डोकं झाका, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या आणि दवाखाना गाठा. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नाही.

खाण्याचं पत्रात विचारलं नाही, तरी सांगतो : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठवडाभर काही होत नाही, आणि हातमोजे न काढता खाता येतं.

प्रश्न : मुलाच्या बोटात गळ घुसला तर?

उत्तर : घरीच पकडीनं प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून ठेवा, मग गळ आला तसा निघतो. काटा असेल आणि रुतला असेल तर दोऱ्याची युक्ती आहे. गळाच्या वाकात जाड दोऱ्याचा फास अडकवा, गळाचा दांडा बोटानं कातडीकडे दाबून धरा, आणि दोरा दांड्याला समांतर, मागच्या दिशेला एकाच झटक्यात ओढा. समोर कोणी उभं नको, गळ उडतो. धुऊन पट्टी बांधा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते तपासा. हे फक्त हात-पाय-दंडासाठी. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ असेल तर हात लावायचा नाही. वर कागदी कप पालथा धरून चिकटपट्टी लावा, दाबू नका, आणि सरळ रुग्णालयात जा.

प्रश्न : ट्राउटचं बी आणून शेततळ्यात सोडलं तर? – माढा

उत्तर : जगणार नाही. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट हैराण होतो, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. आपल्याकडे पारा मेमध्ये बेचाळिसाच्या पुढे जातो. शेततळ्यात कटला, रोहूच बरे.

प्रश्न : आमच्या सासूबाई माळकरी आहेत. मासा धरून सोडून दिला तर चालेल, असं म्हणाल्या. पण सोडलेला मासा जगतो का, हे त्यांना पक्कं हवंय. – पंढरपूर

उत्तर : नीट सोडला तर बहुतेक जगतो, आणि थंडीत उन्हाळ्यापेक्षा जास्त जगतात, कारण गार पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. पण ‘नीट’मध्ये बरंच काही येतं. फार बारीक टिपेट घेऊन मासा दहा मिनिटं खेळवू नका. तो दमून मरतो, गळानं नाही. दोन मिनिटांत जाळीत घ्या, आणि जाळी रबराची असू द्या, सुती दोऱ्याची माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. तो थर गेला की बुरशी धरते. हात आधी पाण्यात बुडवा, हातमोजे काढा, मासा जाळीतच पाण्याखाली ठेवून पकडीनं गळ सोडवा. गळ घशात खोल गेला असेल तर उपटू नका, दोरा तोंडाशी कापा.

फोटो काढायचा असेल तर ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यानं आधी तयार व्हायचं, मग मासा वर, आणि तीन आकडे मोजेपर्यंत परत पाण्यात. हवा शून्याखाली असेल तर फोटो नकोच. कल्ल्यांचे पातळ पडदे काही क्षणांत गोठतात आणि मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या मुळाशी सैल धरा. पुढे-मागे हलवायचं नाही, मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं जातं. तो स्वतः झटका देऊन निघाला की हात सोडा. डोह संथ असेल तर सासूबाईंना काठावरून ते दिसेलही, पोलरॉइड चष्मा मात्र त्यांना द्या, नुसत्या डोळ्यांना पाण्यावरची चमकच दिसते.